साताऱ्यातून बाईकवर अख्खा महाराष्ट्र फिरायचा तर

आपल्याकडं बाईक घेतली की पोरांना पहिलं लडाख दिसतं. जा की, जरूर जा, पण त्याआधी एकदा आपलं राज्य गोल फिरून या असं मी प्रत्येकाला सांगतो. ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, ३६ जिल्हे, आणि गाडी कुठंही बंद पडली तरी मेकॅनिकला काय झालंय ते मराठीत सांगता येतं. टूर कंपनी नको, बॅकअप गाडी नको. साताऱ्यातून पंढरपूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर, अमरावती, चिखलदरा, शेगाव, लोणार, संभाजीनगर, नाशिक, मग खाली कोकणात उतरून अलिबाग ते मालवण आणि फोंडा घाटानं कोल्हापूर, परत सातारा. हे सगळं मिळून अडीच ते पावणेतीन हजार किलोमीटर भरतं, दोन आठवडे हातात ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्लॅन किलोमीटरवर करू नका, उजेडावर करा. हायवेवर दिवसाला पाचशे मारणारे आहेत, पण राज्याच्या आतल्या रस्त्यांवर गावं, स्पीडब्रेकर, गुरं, बाजाराचा दिवस हे सगळं धरून दिवसाला २०० ते २५० पुरे होतात. सकाळी सहा-साडेसहाला निघा आणि दिवस मावळायच्या तासभर आधी लॉजवर पोचा. आणखी एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही, डिसेंबरात आपल्याकडं सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण गोंदिया-गडचिरोलीकडं जवळपास अर्धा तास आधी अंधार पडतो, कारण तो भाग बराच पूर्वेला आहे. म्हणजे साताऱ्याच्या सवयीनं "अजून तासभर उजेड आहे" म्हणून निघाल तर जंगलाच्या रस्त्यावर हेडलाइट लावून चालवत बसाल. तिथं पहाट पण लवकर होते, तेवढं लवकर निघा.

सीझन म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीचा मध्य. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूर ४५ च्या वर जातं, हेल्मेटमध्ये डोकं शिजतं, आणि पावसाळ्यात आपले घाट दरडींमुळं कधी बंद होतील सांगता येत नाही. विदर्भ म्हणजे कायम ऊन असं समजून जॅकेट घरी ठेवू नका, तिकडं थंडीत पहाटे बोटं बधिर होतात आणि धुकं पण असतं. तारखा ठरवताना कार्तिकी एकादशी बघून घ्या, त्या दिवसांत पंढरपुरात खोली विसरा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत कोरेगाव-दहिवडी रस्ता माणसांनी आणि बैलांनी भरलेला असतो, यात्रा बघायची असेल तर तो दिवस मुद्दाम धरा, नाहीतर टाळा.

गाडी कुठलीही चालते, शंभर सीसीवर पण लोक आरामात फिरतात. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, आठ-दहा दिवस आधी करा आणि मग एका रविवारी पूर्ण सामान बांधून कोयनानगरला जाऊन या, जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास होतं. कुठला नट ढिला राहिलाय, बॅग कुठं घासतीय, पाठ कधी दुखायला लागते हे सगळं त्यात कळतं. जड सामान खाली सॅडल बॅगेत आणि जेवढं पुढं घेता येईल तेवढं पुढं, शेपटावर उंच बोचकं बांधलं की घाटाच्या वळणात गाडी डोलते. वजन टाकल्यावर मागचं सस्पेन्शन दबतं आणि हेडलाइटचा झोत वर जातो, तो खाली सेट करून घ्या. मागच्या टायरची हवा कंपनीनं डबल सीटसाठी सांगितलीय तेवढी ठेवा आणि सकाळी टायर थंड असतानाच चेक करा.

स्पेअरमध्ये क्लच केबल, फ्यूज, प्लग, ट्यूबलेस पंक्चर किट, छोटा पंप, झिप टाय आणि चिकटपट्टी एवढं बास. क्लच केबल डिकीत ठेवण्यापेक्षा मेकॅनिककडून जुन्या केबलच्या शेजारनंच नवीन टाकून घ्या, दोन्ही टोकांना टेप मारून झिप टायनं बांधून ठेवायची. रस्त्यात जुनी तुटली की टाकी न खोलता फक्त दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम, आणि हे तुम्हाला ऊन नसलेल्या जागी करायला मिळेलच असं नाही. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल. संध्याकाळी लॉजवर पोचल्या पोचल्या चेन गरम असतानाच पुसून, आतल्या बाजूनं लावायचं म्हणजे रात्रभरात मुरतं. चाक हातानंच फिरवा, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये फिरवायचं नाही, बोटं जातात.

रस्त्यांचं बोलायचं तर म्हसवडमार्गे पंढरपूरला जाताना सकाळचं ऊन थेट डोळ्यात येतं, त्या तासाभरात गोंदवल्याला थांबून नाष्टा करून घ्या. मराठवाडा-विदर्भात सिमेंटचा रोड भरपूर आहे, त्याची कड साइडपट्टीपेक्षा बरीच वर असते, समोरून ट्रक अंगावर आला म्हणून घाईत खाली उतरू नका, आधी स्पीड कमी करा मग उतरा. आणि अवकाळी पाऊस झाला असेल तर काळ्या मातीत गाडी घालूच नका, ती माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. नागपूरहून येताना समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला बंदी आहे, मॅप तिकडं ओढत असेल तर सेटिंगमध्ये बाईक निवडा. ताडोबात स्वतःची बाईक आत सोडत नाहीत, सफारी ऑनलाइन बुक करायची आणि मंगळवार सोडून. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे जुळवलं नाही तर एवढं लांब जाऊन गेट बघून याल. चिखलदऱ्याला चढायच्या आधी परतवाड्यात टाकी फुल करा, मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, मेळघाटात रेंज जाते. एरवी पण टाकी निम्मी झाली की भरायची.

नाशिकहून मुंबईत शिरूच नका, कसारा घाट उतरून शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली, पेण असं अलिबागला जाता येतं. तिथून खाली माझ्या मते सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात भारी भाग, सागरी महामार्ग. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या जंगलजेट्टीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, ओलांडायच्या, बाईक सरळ बोटीवर चढते. जेट्टीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तिथं पुढचा ब्रेक दाबायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये हळू उतरा. बोटीवर गाडी गिअरमध्येच ठेवा आणि जवळ उभं राहा. शेवटची बोट किती वाजता ते आदल्या मुक्कामी विचारून घ्या, चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.

मुक्कामासाठी पंढरपूर, तुळजापूर, शेगावचे भक्तनिवास स्वस्त आणि स्वच्छ, नांदेडला गुरुद्वाऱ्याचं यात्री निवास, लोणार-चिखलदरा-तारकर्लीला एमटीडीसी. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतं पण एक झेरॉक्स बॅगेत असू द्या. १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ पोलीस, नॅशनल हायवेवर १०३३. घरच्या माणसाचा नंबर आणि ब्लड ग्रुप हेल्मेटच्या आत लिहून चिकटवा. आणि कंदी पेढ्याचे दोन-चार बॉक्स घ्याच, वाटेत कुणी पंक्चर काढून देतं, कुणी घरी जेवायला बसवतं, पैसे घेत नाहीत ती माणसं.

शेवटच्या दिवशी मात्र सावध राहा. फोंडा घाट चढून राधानगरीकडं आलात की घर जवळ वाटायला लागतं आणि मालवण ते सातारा एका दमात मारायचा मोह होतो. पण त्या दिवसांत कारखाने चालू असतात, उसाच्या डबल ट्रॉल्या मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर अशा अंधारात रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, आणि दोन आठवड्यांच्या दमलेल्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. दुपारी तीनपर्यंत कोल्हापूर पार झालं नसेल तर तिथंच खोली घ्या, रात्री तांबडा-पांढरा हाणा आणि सकाळी निघा, १२० किलोमीटर राहतात.