हार्डांगरविड्डाच्या पठारावर स्कीने सुरक्षित भटकंती कशी करावी

नॉर्वेमधील हार्डांगरविड्डा राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे ३,४०० चौरस किलोमीटरचे, जवळजवळ वृक्षहीन पठार. सपाट दिसत असल्यामुळे ते सोपे वाटते, पण वारा अडवायला येथे काहीच नसते. पुढे दक्षिण ध्रुवावर सर्वप्रथम पोहोचलेले रोआल्ड आमुंडसेन १८९६ च्या हिवाळ्यात भावासह हे पठार ओलांडताना रात्रीतून बर्फाखाली गाडले गेले होते आणि भावाने खणून काढले म्हणूनच वाचले. म्हणून येथे एकट्याने जाऊ नये.

प्रथमच जाणाऱ्यांनी मार्चनंतरचे दिवस निवडावेत, कारण तेव्हा दिवस मोठा असतो आणि ईस्टरच्या सुमारास प्रमुख मार्गांवर वाट दाखवण्यासाठी ठरावीक अंतराने बर्फात फांद्या रोवलेल्या असतात. निघण्यापूर्वी हवामानाचा व हिमस्खलनाचा अंदाज पाहावा, मार्ग आणि परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवावी आणि कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणाहून माघारी फिरायचे हे सर्वांनी आधीच ठरवावे. दमल्यावर घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. मागे फिरण्यात लाज नाही, हा नॉर्वेच्या पर्वतनियमांपैकी एक नियमच आहे.

अंगालगत लोकरीचे कपडे घालावेत. घामाने भिजलेला सुती कपडा थांबताच अंग गारठवतो. पाठपिशवीत नकाशा, होकायंत्र, फावडे, डोक्याला बांधायचा दिवा, गरम पेयाचा थर्मास आणि सर्वांना आत बसता येईल अशी वारारोधक कापडी खोळ असावी. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, त्यामुळे तो आतल्या खिशात ठेवावा आणि केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

धुके उतरल्यास पुढची फांदी दिसेपर्यंत हातची फांदी सोडू नये. एकाने फांदीजवळ थांबावे, दुसऱ्याने नजरेच्या टप्प्यात राहून पुढची शोधावी. अधूनमधून एकमेकांचे चेहरे न्याहाळावेत. गालावर किंवा नाकावर पांढरट डाग दिसला, तर ती हिमदंशाची सुरुवात असू शकते. तेथे उबदार तळवा टेकवावा, बर्फ मुळीच चोळू नये.

तीस अंशांहून तीव्र उतारांपासून आणि त्यांच्या पायथ्यापासूनही दूर राहावे. तलावात पाणी जेथे शिरते वा बाहेर पडते, तेथील बर्फ पातळ असतो. जंगली रेनडिअर दिसले, तर जागीच शांत बसून कळप जाऊ द्यावा, कारण हिवाळ्याच्या अखेरीस माद्या गाभण असतात आणि पळण्यात वाया गेलेली ताकद त्यांना तुटपुंज्या चाऱ्यातून भरून काढता येत नाही.

वादळाने गाठलेच, तर अंगात त्राण असतानाच थांबावे. हिमस्खलनाचा धोका नसलेल्या जागी, वाऱ्याच्या आडोशाला साचलेल्या बर्फात फावड्याने बसण्यापुरता खड्डा खणावा, कोरडे कपडे चढवावेत, पाठपिशव्यांवर बसून सर्वांनी खोळ ओढून घ्यावी, हवेसाठी फट मोकळी ठेवावी आणि संपर्क होत असल्यास ११२ क्रमांकावर आपले ठिकाण कळवावे.