ज्वारीची भाकरी थापताना चिरत असेल तर हे करून बघा

ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी जरा गार वारा सुटला की ठाण्यात आमच्याकडे पिठलं-भाकरी-ठेच्याचा बेत ठरतो, पिठलं झकास होतं, ठेचाही, पण भाकरी थापायला घेतली की कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. पाकिटातलं किंवा बरेच दिवस पडून असलेलं पीठ असेल तर हमखास.

यावर उपाय म्हणजे उकड काढायची.

१. १ वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा.
२. गॅस बंद करून त्यात १ वाटी ज्वारीचं पीठ टाका, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून १० मिनिटं विसरून जा.
३. कोमट असतानाच परातीत काढून भरपूर मळा. खरं काम इथेच आहे, पाण्याचा हात घेत तळव्याने रगडत राहा, गोळा दाबल्यावर कडेला भेग दिसली नाही की झालं. सैल वाटलं तर थोडं कोरडं पीठ घाला.

मग थापा नाहीतर सरळ पोळीसारखी लाटा, लाटलेली पण छान फुगते, उगाच कमीपणा मानू नका. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटा, सुकून गेलं की तिथेच तडे जातात. खालची बाजू नीट भाजली की तवा काढून दुसरी बाजू थेट आचेवर.

फक्त उकड गरम असताना एकदम हात घालू नका, आत वाफ असते, चांगलंच भाजतं. आधी वाटीच्या बुडाने मळून घ्या.