पायथनमध्ये फंक्शन लिहिताना या चुका टाळा

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी विकली, त्या हिशोबपट्टीचंच फंक्शन घेऊ. फंक्शन म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत नाव देऊन ठेवलेला, पुन्हा पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा; त्याची पहिली ओळ डेफ (def) ने सुरू होते. नाव 'रक्कम', आत द्यायचं क्विंटल आणि भाव. हमाली-तोलाई समजा क्विंटलमागे ३० रुपये. आतली ओळ: रिटर्न क्विंटल * (भाव - ३०). डेफ, रिटर्न (return), प्रिंट (print) असे पायथनचे शब्द आणि कोडमधले आकडे रोमन लिपीतच टाइप करा. फंक्शनचं नाव पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती चूक रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिण्याची. रक्कम(१२, ७०००) म्हटलं की पडद्यावर ८३६४० येतात आणि काम झालं असं वाटतं. मग कापूस आणि सोयाबीनची बेरीज करायला रक्कम(१२, ७०००) + रक्कम(८, ४५००) लिहिलं, की दोन्ही आकडे छापले जातात आणि खाली टाइपएरर! प्रिंट आकडा नुसता दाखवतं, हातात देत नाही. रिटर्न नसलेलं फंक्शन 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) परत करतं, आणि नन अधिक नन होत नाही. एररमध्ये 'ननटाइप' दिसलं की आधी फंक्शनच्या आत रिटर्न आहे का ते बघा.

क्विंटल आणि भाव यांचा क्रम उलटा झाला तर एररही येत नाही. रक्कम(७०००, १२) चं उत्तर येतं उणे १,२६,०००. इथे निदान उणे चिन्हामुळे कळतं. हमाली वजा केली नसती तर गुणाकार दोन्हीकडून सारखाच आला असता आणि चूक लपली असती. म्हणून नाव घालून द्या: रक्कम(क्विंटल=१२, भाव=७०००).

क्विंटल इनपुटने (input, म्हणजे वापरणाऱ्याकडून टाइप करून) घेतलं असेल तर तो मजकूर असतो, आकडा नव्हे. तसाच दिला तर '१२' एकापुढे एक ६९७० वेळा जोडलेला मिळतो. इंट (int, फक्त पूर्ण आकडा) लावाल तर १२.४० क्विंटलला व्हॅल्यूएरर येईल. काट्यावरचं वजन क्वचितच पूर्ण भरतं, तेव्हा फ्लोटच (float, दशांश चालणारा आकडा) लावा.

बाकी चुका लवकर सापडतात. डेफच्या ओळीशेवटी कोलन हवा. आतल्या ओळी चार स्पेस आत. मोबाइलवर टाइप करताना या स्पेस हमखास सुटतात. कॉल, म्हणजे फंक्शन वापरायची ओळ, आधी आणि डेफ नंतर आलं तर नेमएरर. कॉल करताना नावापुढचा कंस विसरलात तर फंक्शन चालतच नाही.

एक चूक मात्र फार उशिरा कळते. डेफच्या ओळीत वजनं=[] अशी रिकामी यादी ठेवली, तर ती एकदाच बनते, दर कॉलला नवी नाही. पहिल्या शेतकऱ्याची वजनं दुसऱ्याच्या पट्टीत चढतात. तिथे वजनं=नन लिहा आणि नन असेल तर नवी यादी फंक्शनच्या आत बनवा.