चारचौघांत फोटो काढताना

कॅमेरा समोर आला की माझे खांदे कानांपर्यंत चढायचे आणि बोटं पर्सचा पट्टा इतका घट्ट आवळायची की पेरं पांढरी पडायची. चेहऱ्याचं नंतर बघू, आधी हात मोकळे करा. एका हातात चष्मा किंवा पुस्तक धरा, दुसरा कठड्यावर नाहीतर खिशात ठेवा. हातांना काम मिळालं की खांदे आपोआप उतरतात.

लोक बघतात, ही भीती मलाही होती. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना अवघडायला होईल असा टी-शर्ट घालून त्यांना इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांचं लक्ष गेलं असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात गेलं जेमतेम पाव लोकांचं. हे वाचलं त्या दिवशी मला खरंच हायसं वाटलं.

सुरुवात सकाळी, गर्दी नसताना करा. सोबत घाई न करणारं माणूस हवं. ‘हस ना, हस ना’ म्हणणारं तर अजिबात नको. डोळे मिटा, श्वास हळू सोडा, श्वास संपता संपता डोळे उघडा आणि त्याच क्षणी फोटो घ्यायला सांगा. जबडा सैल पडलेला असतो, हसू ओढूनताणून आणावं लागत नाही. किंवा सरळ चालत या, बर्स्ट मोडवर, म्हणजे एकामागोमाग एक भराभर, दहा-बारा फोटो निघू द्या.

आणि फोटो तिथल्या तिथे तपासू नका. घरी गेल्यावर, निवांत बघा.