सोलापूर जिल्ह्याचं रेडिओ बातमीपत्र: निवडण्यापासून वाचण्यापर्यंत

दहा मिनिटांच्या बातमीपत्राची सगळी निवड एका प्रश्नावर चालते: पुढचं बातमीपत्र लागेपर्यंत ऐकणाऱ्याला काय कळायलाच हवं? रेडिओ लावून कुणी दूध काढत असतं, कुणी टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर निघालेलं असतं, कुणी टेंभुर्णीच्या फाट्यावर गाडीची वाट बघत असतं. वाक्य एकदाच कानावर पडतं. निसटलं की गेलं. पुढची प्रत्येक सूचना याच अडचणीतून आली आहे.

आधी कायद्याचं. भारतात रेडिओवर स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा फक्त आकाशवाणीला आहे. खासगी एफएम केंद्रांना आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. सामुदायिक रेडिओला ते मूळ रूपात किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून देता येतं. मात्र हवामान, वाहतूक, पाणी-विजेच्या जाहीर सूचना, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, यात्रा-उत्सव, खेळांची माहिती आणि प्रशासनानं दिलेले आपत्तीचे व आरोग्याचे इशारे यांना नियमांनी बातमीच्या बाहेर ठेवलं आहे. म्हणजे सामुदायिक केंद्रालाही रोज सकाळी पाच मिनिटांचं उपयोगी माहितीपत्र देता येतं. खालची पद्धत दोन्हीकडे लागू पडते.

वेळेचा हिशेब

दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. केंद्राची उद्घोषणा आणि निवेदकाचं नाव यांना १५ सेकंद, सुरुवातीच्या पाच ठळक बातम्यांना ४५, शेवटी त्याच पुन्हा सांगायला ४०, समारोपाला १०. उरतात ४९० सेकंद. मराठी बातम्या स्वच्छ वाचायच्या तर मिनिटाला १०० ते ११० शब्दांच्या पुढे जाऊ नये. प्रत्येक बातमीनंतरचे दोन सेकंद सोडले तर हातात साधारण ८०० शब्द राहतात. पहिल्या बातमीला ८० ते ९०, मधल्यांना ४० ते ६०, शेवटच्या छोट्यांना २५ ते ३० शब्द दिले, तर १५-१६ बातम्या बसतात. कुणाचं ध्वनिमुद्रण लावायचं असेल तर ते २० सेकंदांचं धरा. अशी दोन लावली की एक बातमी काढावी लागते.

आपल्या निवेदकाचा वेग मोजून घ्या. ३०० शब्दांची संहिता घड्याळ लावून तीनदा वाचायला द्या आणि सरासरी काढा. प्रत्येक बातमीच्या कोपऱ्यात सेकंद लिहायची सवय लागली की ऐनवेळची काटछाट सोपी जाते.

बातम्या कुठून येतात

जिल्हा माहिती कार्यालय, महापालिका, जिल्हा परिषद, पोलीस, विद्यापीठ यांची प्रसिद्धिपत्रकं न मागता येतात. फोन करून मिळवायच्या बातम्या वेगळ्या, आणि बातमीपत्राला जीव त्यांनीच येतो. सकाळी ७ च्या बातमीपत्रासाठी ५ ते ६ च्या दरम्यान फोनची एक फेरी ठरलेली हवी: जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, उजनीचा पूर नियंत्रण कक्ष, शहर आणि ग्रामीण पोलिसांचे नियंत्रण कक्ष (ही दोन वेगळी आहेत, एकाला दुसऱ्याच्या हद्दीतलं विचारून उपयोग नाही), अग्निशमन दल, सिव्हिल हॉस्पिटल, महावितरण, पाणीपुरवठा विभाग. तालुक्यांतून वार्ताहर कळवतात. त्यांच्याकडून रात्री ९ पर्यंत मजकूर आणि पहाटे एक फोन, एवढं पक्कं ठरवून ठेवा.

जिल्ह्यात ११ तालुके आहेत. आठवड्याच्या शेवटी कुठल्या तालुक्याच्या किती बातम्या गेल्या ते एका तक्त्यात मांडा. शहर, पंढरपूर आणि बार्शी आपोआप भरतात. करमाळा, सांगोला, अक्कलकोट कोरे राहतात. तिथे काही घडत नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. तिथे आपला फोन जात नाही, एवढाच तो.

निवड आणि क्रम

समोर ४० मजकूर आहेत आणि जागा १६ ची. चार प्रश्न या क्रमानं विचारा. किती लोकांवर परिणाम होतो? आज काही करायला हवं का? कालच्यापेक्षा नवीन काय? आणि खात्री कुणी केली? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिली तीन उत्तरं कितीही जोरदार असोत, ती बातमी बाजूला ठेवा. समाजमाध्यमावर फिरणारा व्हिडिओ ही खात्री नव्हे. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत ते घडलं म्हणतात, तिथला अधिकारी बोलला तर खात्री.

सर्वांत कडक चाळणी लागते ती उद्घाटनं, सत्कार आणि आढावा बैठकांना. बैठक झाली ही बातमी होत नाही. तिच्यात टँकर किती वाढवायचे ठरलं, ही होते. पत्रकाच्या चौथ्या-पाचव्या परिच्छेदात तो आकडा दडलेला असतो, तोच उचला आणि 'शुभहस्ते', 'मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत' गाळून टाका.

पहिली बातमी निवडताना मोठ्या पदाकडे पाहू नका. मंत्र्यांचा दौरा आणि भीमेला सोडलेलं पाणी एकाच दिवशी असेल तर पाणी आधी, कारण नदीकाठच्या माणसाकडे पाण्याची मोटार वर काढायला तासभरच असू शकतो. त्यानंतर एका विषयाच्या बातम्या शेजारी ठेवा: पाणी, धरण, पाऊस एकत्र. मग शेती आणि बाजारभाव, शहरातल्या सोयी, पोलीस आणि न्यायालय, शिक्षण, खेळ, शेवटी हवामान. हवामानाचा इशारा गंभीर असेल तेव्हा मात्र तो वर जातो.

शेजार फार जपावा लागतो. आषाढीच्या दिंडीची बातमी आणि लगेच दुसऱ्याच रस्त्यावरचा अपघात, असं वाचलं की ऐकणारा दोन्ही जोडतो आणि घरोघरी फोन सुरू होतात. मध्ये तिसऱ्या विषयाची बातमी घाला आणि अपघाताच्या पहिल्याच वाक्यात गाव व रस्ता सांगा. मृत्यूच्या बातमीनंतर थेट क्रिकेटवरही जाऊ नये. 'दरम्यान', 'तिकडे' हे जोडशब्द नसलेला संबंध तयार करतात, ते काढाच.

कानासाठी लिहिणं

समजा असं पत्रक आलं (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी): "भीमा खोऱ्यातील पाणलोट क्षेत्रात होत असलेल्या संततधार पर्जन्यवृष्टीमुळे उजनी धरणातील आवकेत लक्षणीय वाढ झाल्याने सांडव्याद्वारे नदीपात्रात सोडण्यात येणारा विसर्ग आज सकाळी ६.०० वाजता २०,००० क्युसेकवरून ४०,००० क्युसेक करण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्कता बाळगावी, असे आवाहन करण्यात आले आहे."

रेडिओवर ते असं जावं: "उजनी धरणातून भीमा नदीत सोडलं जाणारं पाणी आज सकाळी सहा वाजल्यापासून दुप्पट करण्यात आलं आहे. आता चाळीस हजार क्युसेक पाणी सोडलं जात आहे. भीमाकाठच्या लोकांनी नदीपात्रात उतरू नये, जनावरं आणि पाण्याच्या मोटारी उंचावर हलवाव्यात, असं जलसंपदा विभागानं कळवलं आहे. धरणाच्या वरच्या भागात पाऊस वाढल्यानं हा निर्णय घेण्यात आला."

क्रम बदलला आहे: आधी काय झालं, मग काय करायचं, कारण शेवटी. क्रियापद मराठीत वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे चाळीस शब्दांच्या वाक्यात ऐकणारा शेवटपर्यंत अधांतरी राहतो. १२ ते १५ शब्दांत वाक्य संपवा. 'सतर्कता बाळगावी' म्हणजे नेमकं काय करावं ते फोन करून विचारून घ्यावं लागतं. जनावरं आणि मोटारींचं वाक्य त्या फोनमधूनच येऊ शकतं, मनानं घालायचं नाही. त्याच फोनवर वीर धरणाचंही विचारा. वीरचं पाणी नीरेतून नरसिंहपूरला भीमेला मिळतं, म्हणून पंढरपूरला पोचणारा लोट दोन्हीचा मिळून असतो. फक्त उजनीचा आकडा दिला तर पंढरपूरकराला अर्धीच बातमी मिळाली.

'सांगितले, केले' ऐवजी 'सांगितलं, केलं' लिहा. 'वरील', 'पुढीलप्रमाणे', 'अनुक्रमे' ही कागदावरची माणसं आहेत. "कांदा, ज्वारी आणि तुरीला अनुक्रमे..." असं वाचलं की तिसऱ्या आकड्यापर्यंत पहिला विसरलेला असतो. अवतरणचिन्ह आणि कंसही ऐकू येत नाहीत. आरोप असेल तर आरोप करणाऱ्याचं नाव वाक्याच्या सुरुवातीलाच घ्या, नाहीतर दोन सेकंद तो आरोप आकाशवाणीनंच केल्यासारखा वाटतो. निरुपद्रवी माहितीत स्रोत शेवटी आला तरी चालतं.

'काल' आणि 'आज' प्रसारणाच्या वेळेवरून ठरतात. रात्री लिहिलेल्या मजकुरातला 'आज' सकाळी चुकीचा होतो. वार लिहून ठेवा आणि वाचायच्या आधी बदला.

आकडे

एका बातमीत दोन, फार तर तीन आकडे. ५२,३४७ पोती म्हणजे 'सुमारे बावन्न हजार पोती'. मृतांची संख्या, मतं, परीक्षेच्या तारखा यांत मात्र सुमारे चालत नाही. संहितेत आकडे अक्षरी लिहा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर ऐकताना सहज गल्लत होते, त्यामुळे महत्त्वाचा असेल तिथे 'साठला एक कमी' असं काही न करता वाक्य तोडून आकडा सावकाश वाचा.

उजनीची टक्केवारी हा जिल्ह्यातला सर्वांत फसवा आकडा. १०० टक्के म्हणजे ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) उपयुक्त साठा. त्याखाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी, आहे. त्यामुळे 'शून्य टक्के' ऐकून धरण कोरडं पडलं असं वाटतं, आणि 'उणे तीस' ऐकून काहीच कळत नाही. उणे ३० म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे १६ टीएमसी पाणी वापरून झालं, धरणात सुमारे साडेसत्तेचाळीस उरलं. रेडिओवर म्हणा: "उजनीचा उपयुक्त साठा संपला असून सध्या मृतसाठ्यातलं पाणी वापरलं जात आहे." टक्के त्यानंतर.

पावसाचे शब्दही मोजून वापरायचे. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. महसूल विभाग एखाद्या मंडळात (काही गावांच्या गटात) ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की 'अतिवृष्टी' म्हणतो. शेतकऱ्याच्या कानात या शब्दाबरोबर पंचनामा आणि भरपाई येते. जोराचा पाऊस झाला म्हणून हा शब्द सैलपणे वापरला, तर दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या दारात माणसं उभी राहतात.

बाजारभाव सांगताना किमान, कमाल आणि सर्वसाधारण यांतला सर्वसाधारण भाव आधी द्या. कांद्याचा कमाल भाव एखाद्या निवडक वक्कलाला (विक्रीला लावलेल्या ढिगाला) मिळालेला असतो. तो ठळक बातमीत टाकला की माणसं त्या आशेवर गाडी भरून मार्केट यार्डात येतात. एकक दर वेळी सांगा: क्विंटलला की किलोला.

नावं आणि गावं

कासेगाव पंढरपूर तालुक्यातही आहे आणि दक्षिण सोलापुरातही. गावाबरोबर तालुका जोडल्याशिवाय वाचूच नका. 'माढा' म्हटलं की तालुका की लोकसभा मतदारसंघ हे स्पष्ट करा. निवडणुकीत 'सोलापूर' हा शब्द जिल्ह्यासाठी आणि मतदारसंघासाठी मिसळला की बार्शीचा मतदार गोंधळतो, कारण त्याचं मत धाराशिव मतदारसंघात जातं. अक्कलकोट भागातली कानडी वळणाची गावं (मैंदर्गी, दुधनी) आणि शहराच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं त्या माणसाकडून किंवा तिथल्या वार्ताहराकडून ऐकून घ्या आणि उच्चाराप्रमाणे कंसात लिहून ठेवा. स्वतःचं आडनाव रेडिओवर चुकीचं ऐकणं लोकांना लागतं, आणि ते बरोबरच आहे.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव, तसंच गुन्ह्याशी संबंधित बालकाचं नाव कायद्यानं देता येत नाही. गाव, शाळा आणि नातं एकत्र दिलं तरी ओळख उघड होते, म्हणून तालुक्यावर थांबा.

ठळक बातम्या आणि वाचन

ठळक बातम्या सर्वांत शेवटी लिहा, प्रत्येकी आठ ते दहा शब्दांत. त्यात निकाल सांगा, कोडं घालू नका. शेवटी पुन्हा सांगताना नवीन घडामोड आली असेल तर शब्द बदला.

एका कागदावर एकच बातमी, एकाच बाजूला, दोन ओळींत मोकळी जागा ठेवून. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर नेऊ नका. टाचणी मारू नका, वाचलेलं पान सरकवून बाजूला ठेवा. पडद्यावरून वाचणार असाल तरी कागदी प्रत हाताशी हवीच. माइक तोंडापासून साधारण एक वीत, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. प्रसारणाआधी एकदा मोठ्यानं वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य लांब आहे, निवेदक कमी पडलेला नाही.

शेवटच्या ५० सेकंदांचं पान वेगळं ठेवा. नऊ मिनिटं दहा सेकंद झाली की जिथे असाल तिथली बातमी संपवून त्या पानावर यायचं. वेळ उरली तर २५ शब्दांच्या तीन राखीव बातम्या लागतात, वेळ कमी पडली तर कुठल्या दोन गाळायच्या ते आधीच पेन्सिलनं खुणावलेलं असावं.

चूक गेली तर त्याच बातमीपत्रात, शेवटच्या ठळक बातम्यांच्या आधी दुरुस्ती वाचा. आधी बरोबर माहिती सांगा. चुकीचा आकडा पुन्हा उच्चारू नका, नाहीतर तोच लक्षात राहतो. प्रसारण संपल्यावर संहिता, मूळ पत्रक आणि फोनवर कुणी, किती वाजता माहिती दिली त्याची नोंद ध्वनिमुद्रणाबरोबर एकाच जागी ठेवा. दुपारी कुणी विचारायला आलं तर हाच कागद काढून दाखवायचा असतो.