सड्यावर काम करायचंय? आधी दगड बघायला शिका

सापा-पालींवर एम.एस्सी.चा प्रबंध करायचाय, सुरुवात कुठून करू, असं दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, जा आणि प्राण्याआधी दगड बघायला शिका. मी याच कातळांवर काम शिकले. अधिवास आणि तापमान यांचं नातं इतकं उघडं करून दाखवणारी जागा मला तरी महाराष्ट्रात दुसरी माहीत नाही.

एप्रिलच्या दुपारी जांभ्यावर तळहात टेकवत नाही. झाड नाही, सावली नाही. पण वीतभर जाडीच्या सुट्या दगडाखाली तापमापकाची वायर सरकवली की आकडा भराभर उतरतो. तिथेच दिवस काढत असते पांढऱ्या पट्ट्यांची एक लहानशी पाल, हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिॲटस. १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. कोकणातल्या सड्यांशी ती घट्ट बांधलेली आहे. अशाच दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो, पावसाळ्यात देवगांडूळ हा गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचरही मिळतो.

पाल निशाचर, म्हणजे उन्हाशी तिचा संबंध नाही, असं नवख्यांना वाटतं. खरं तर दिवसा ती कुठल्या दगडाखाली बसते, त्यावर तिचं अन्न पचणं, अंगातलं पाणी टिकणं, सगळं अवलंबून असतं. प्राणिशास्त्रज्ञ रेमंड ह्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या गार्टर सापांवरचं काम प्रसिद्ध केलं, ते मी प्रत्येकाला आधी वाचायला सांगते. पातळ दगड दुपारी भाजून काढतात, फार जाड दगड तापतच नाहीत. साधारण २० ते ४० सेंटिमीटर जाडीच्या दगडांखाली सापाला हवी तेवढी ऊब जास्त वेळ मिळते, आणि साप निवडतातही तेच. म्हणून नोंदवहीत प्राण्याच्या नावाशेजारी दगडाची जाडी, लांबी-रुंदी, खाली माती आहे की कातळ, ओल आहे का, हे रकाने हवेतच. हवामान केंद्रावरचं तापमान सावलीत आणि जमिनीपासून बरंच वर मोजलेलं असतं. त्यावरून पालीच्या दुपारीबद्दल काही सांगायला जाऊ नका. साधे डेटा लॉगर, म्हणजे ठरावीक वेळाने तापमान आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं, घ्या. एक दगडाखाली, एक दगडाच्या माथ्यावर, एक उघड्या कातळावर ठेवा आणि ऋतू बदलेपर्यंत राहू द्या.

दगड उचलायची रीत आहे. पलीकडची कड आकडीने धरून आपल्याकडे उचलायची, म्हणजे फुरसं असलं तरी मध्ये दगडाची ढाल राहते. बोटं दगडाखाली घालायची नाहीत. जाड बूट घाला, एकटे जाऊ नका, आणि जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे, ते आधीच विचारून ठेवा. पाहून झालं की दगड त्याच बाजूने, त्याच खाचेत बसवा. कडेला फट राहिली की गरम वारा आत शिरतो, ओल उडते, आणि ती जागा पालीच्या उपयोगाची राहत नाही. याबाबतीत मी विद्यार्थ्यांना अजिबात सूट देत नाही.

संवर्धनाचा प्रश्नही याच दगडांपाशी येतो. सरकारी दप्तरी सडा म्हणजे पोटखराबा, पडीक. सुरुंग लावून खड्डे काढतात, बाहेरून माती आणून आंब्या-काजूची कलमं लावतात, आणि सुटे दगड वेचून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालतात. जमीन हिरवी दिसते, सावलीही वाढते, पण प्राण्याला हवा तसा सपाट, जमिनीला चिकटलेला दगड उरत नाही. बागायतदाराला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, त्याचं घर त्यावर चालतं. बागेच्या कडेला कातळाचा एखादा पट्टा दगडांसकट राखा, एवढं मागणं मात्र आपण करू शकतो. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, लोकांना आता त्यांचा अभिमान आहे. त्याच कातळावरच्या दगडांकडेही लक्ष वळवायला ही चांगली वेळ आहे.

तापमानावरच सगळं ढकलू नका, हेही सांगायला हवं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटले आणि रंगीत गळ्याचे सरडे वाढले, असं २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं. तिथले सरडे माणसाला जवळ येऊ देत होते, आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. ऊन तेच, कातळ तोच, तरी सरड्याचं वागणं बदललं.

नुसती नोंद आणि फोटो यांनी सुरुवात करा. प्राणी पकडायचा किंवा हाताळायचा असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज प्रबंधाचा विषय ठरल्याबरोबर द्या. बहुतेक सडे खासगी मालकीचे किंवा गावकीचे असतात. मालकाला, सरपंचांना भेटा, काय करताय ते मराठीत नीट समजावून सांगा. गुरं राखणाऱ्यांशी ओळख काढा. फुरसं कुठल्या महिन्यात कुठे दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आकडेवारीसाठी आर (R) ही संगणकभाषा शिकायला आजच लागा. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये (एनसीबीएस) वन्यजीवशास्त्रातल्या पुढच्या संशोधनासाठी प्रयत्न करणार असाल, तर एकाच सड्यावरच्या वर्षभराच्या नीट नोंदी जवळ असू द्या.