चर्चमधल्या नाताळ मैफलीला जाताय? अर्धा तास आधी पोहोचा

जर्मनीत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना माझं दरवर्षी एकच सांगणं असतं. ख्रिसमस मार्केटला तर जालच, पण डिसेंबरातली एक संध्याकाळ घराजवळच्या चर्चमधल्या मैफलीसाठी राखून ठेवा. नोव्हेंबर लागला की चर्चच्या दारावर, बेकरीच्या काचेवर पोस्टर झळकतात. त्यावर बाख या जर्मन संगीतकाराचं नाव आणि ‘वाइनाख्ट्सओराटोरियुम’ (नाताळची कथा गाऊन सांगणारी वृंदगान-वाद्यवृंदाची मोठी रचना) हा लांबलचक शब्द दिसला की तिकीट काढून मोकळे व्हा.

बाखने हे 1734 च्या नाताळासाठी लाइपझिगमध्ये रचलं. याचे सहा भाग आहेत. 25 डिसेंबर ते 6 जानेवारी या काळातल्या सहा सणावारांना प्रार्थनेत एकेक भाग गायला गेला. आता बहुतेक ठिकाणी एका संध्याकाळी पहिले तीन भाग होतात, म्हणजे साधारण दीड तास. लहान मुलं असतील तर मुलांसाठीचा छोटा प्रयोगही पुष्कळ चर्चमध्ये असतो, तो बघा.

आता वेळेचं. हे नीट वाचा. पहिल्या वर्षी आम्ही चौघं गेलो, 112 युरोची तिकिटं. कार्यक्रम सातचा, आम्ही सात वाजून चार मिनिटांनी दारात. दार बंद! दाराशी उभ्या असलेल्या आजींनी ओठांवर बोट ठेवलं, आणि पहिला भाग संपेपर्यंत आम्ही थंडीत कुडकुडत बाहेर. जाड लाकडी दारातून नगाऱ्याचे ठोके पुसट ऐकू येत होते. नेमकं तेच हुकलं होतं. या रचनेची सुरुवात एकट्या नगाऱ्याच्या पाच ठोक्यांनी होते, मग बासऱ्या येतात, मग तुताऱ्या. हेच संगीत बाखने आदल्या वर्षी सॅक्सनीच्या राजघराण्यातल्या एका वाढदिवसासाठी केलं होतं. तिथे पहिले शब्दच होते, ‘नगाऱ्यांनो, वाजा! तुताऱ्यांनो, गर्जा!’ शब्द बदलले, नगारा राहिला. तो क्षण समोर बसून ऐकायचा असतो. मंडळाचा सहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो, ती सवय इथे आणू नका. सात म्हणजे साडेसहा.

लवकर गेलात तर जागाही मिळते. स्वस्त तिकिटांवर बाकाचा नंबर नसतो. मात्र आपला पंधरा जणांचा ग्रुप आणि एकाने जाऊन सगळ्या बाकांवर कोट पसरायचे, हे करू नका. मला याची फार चीड आहे. खांबामागची जागा मिळाली तर खुशाल बसा, आवाज तिथेही भरून येतो.

थंडी दगडातून पायात चढते. जाड मोजे घाला, कोट काढू नका, बसायला छोटी उशी न्या. बाथरूमला घरूनच जाऊन निघा.

‘आपण ख्रिश्चन नाही, चालेल का?’ असं सगळे विचारतात. अगदी चालेल. कुणी विचारतही नाही.

आपल्याला समेवर दाद द्यायची सवय असते. इथे मध्येच टाळी नाही. शेवटचा सूर विरला तरी वृंदसंचालकाचे हात वरच असतात. ते खाली येईपर्यंत थांबा. काही ठिकाणी आधी घंटा होते आणि मग टाळ्या.

मोठ्या शहरातल्या नामांकित वृंदाकडे जायला माझी हरकत नाही, पण आधी आपल्या वस्तीतलं ऐका. गाणारे बहुतेक हौशी, आपल्या भजनी मंडळासारखे आठवड्याला एकदा तालमीला जमणारे. जर्मन माणसं बोलत नाहीत, अशी तक्रार करणारे आपले लोक संध्याकाळी पुन्हा आपल्याच लोकांत बसतात. मी तेच करत होतो. त्या रात्री आत गेल्यावर दुसऱ्या रांगेत आमच्या औषधाच्या दुकानातल्या बाई गाताना दिसल्या. सोमवारी खोकल्याचं औषध घेताना मी तेवढंच म्हणालो, ‘काल तुम्हाला ऐकलं.’ त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि दुसऱ्या भागातली बाळ येशूसाठीची अंगाई कशी झाली, ते विचारू लागल्या.